मिनीकॉमच्या सात ओळी

लिनक्सवर मिनीकॉम हा प्रोग्रॅम ‘वजा एस’ लावून सुरू केला, की तो पलीकडच्या यंत्राशी बोलायला न लागता आधी आपल्याशीच बोलतो. काळ्या स्क्रीनवर अधिक-उण्या चिन्हांची चौकट येते, तीत एकाखाली एक पर्याय. त्यांतला ‘सीरियल पोर्ट सेटअप’ निवडला, की आणखी एक चौकट उघडते. तिच्यातला मजकूर मूळ इंग्रजीत आहे. जसाच्या तसा देवनागरीत उतरवला तर असा :

ए - सीरियल डिव्हाइस : /डेव्ह/टीटीवायएस०
बी - लॉकफाइल लोकेशन : /व्हार/लॉक
सी - कॉलइन प्रोग्रॅम :
डी - कॉलआउट प्रोग्रॅम :
ई - बीपीएस/पॅर/बिट्स : ११५२०० ८एन१
एफ - हार्डवेअर फ्लो कंट्रोल : येस
जी - सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल : नो

खाली एकच प्रश्न : कोणते सेटिंग बदलायचे?

एवढाच ऐवज. अलीकडच्या आवृत्त्यांत आरएस-४८५ या वेगळ्या जोडणीसाठी काही ओळींची भर पडली आहे, पण गाभा या सात ओळींचाच. त्या वाचणारा माणूस विरळा. कुणीतरी ‘ई दाब, मग एफ दाब’ असे सांगितलेले असते, तेवढे करून लोक मोकळे होतात. सावकाश वाचल्या तर मात्र ध्यानात येते, की वेग, बिट, केबल असे नाना विषय येऊन जात असले तरी बोलणे एकाच गोष्टीचे चालले आहे : कोणी, कधी आणि किती थांबायचे. सीरियल जोडणीचे सारे शहाणपण थांबण्याच्या नियमांत आहे, आणि ते नियम इथे अगदी मोजक्या शब्दांत मांडलेले आहेत.

वाचायला बसण्याआधी थोडी पार्श्वभूमी. टर्मिनल इम्युलेटर ही मुळात नक्कल आहे. एके काळी संगणक एका खोलीत, त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन भलतीकडे, आणि मध्ये तार अशी व्यवस्था असे. त्या कीबोर्ड-स्क्रीनच्या जोडीला टर्मिनल म्हणत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८मध्ये बाजारात आणलेला व्हीटी१०० हा त्यांतला सर्वांत नामांकित. पुढे टेबलाटेबलावर पीसी आले, टर्मिनल भंगारात गेले, पण तारेपलीकडची मोठी यंत्रे टर्मिनलच्याच बोलीत बोलत राहिली. मग पीसीवर टर्मिनलचे सोंग वठवणारे प्रोग्रॅम निघाले. डॉसवर टेलिक्स होता. त्याच्या धाटणीवर मिकेल व्हान स्मोरेनबुर्ख यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांसाठी मिनीकॉम लिहिला. आज तो राउटरच्या कन्सोलला, सर्व्हरच्या मागच्या पोर्टला किंवा रास्पबेरी पायसारख्या बोर्डला जोडून घ्यायला वापरतात.

या जोडणीला किमान तीन तारा पुरतात. एक पाठवायची, एक घ्यायची, तिसरी जमिनीची. चौथी तार, जी दोन्ही यंत्रांना एका तालात ठेवेल, ती इथे नसते. घड्याळाची तार नाही, आणि येणारा मजकूर किती वेगाचा आहे हे सांगणारी प्रस्तावनाही नाही. तारेवर फक्त व्होल्टेज चढते आणि उतरते. त्या चढउताराचा अर्थ लावायचा तर तो किती काळ टिकला एवढाच आधार. म्हणून सात ओळींचा प्राण ‘ई’ या पाचव्या ओळीत आहे, आणि वाचनही तिथूनच सुरू केलेले बरे.

‘११५२०० ८एन१’. सेकंदाला किती बिट, प्रत्येक अक्षरात मजकुराचे किती, तपासणीचा बिट आहे की नाही, आणि शेवटी किती वेळ गप्प राहायचे. चार करार, मध्ये एकही जोडशब्द नाही. हे किती घट्ट विणलेले आहे ते पाहायचे तर एक अक्षर तारेवरून जाताना बघावे. वेग सोयीसाठी ९६०० धरू, कारण कित्येक राउटरांचा कन्सोल अजून याच वेगावर बोलतो. अक्षर घेऊ रोमन लिपीतले मोठे ‘ए’, ज्याचा आस्की आकडा ६५.

तार स्वस्थ असते तेव्हा आरएस-२३२च्या नियमाप्रमाणे तिच्यावर उणे व्होल्टेज असते, उणे तीन ते उणे पंधराच्या दरम्यान. म्हणजे इथली शांतता शून्याची नाही, ती धरून ठेवलेली शांतता आहे. ‘ए’ निघते तेव्हा तार एकदम अधिक बाजूला जाते आणि १०४ मायक्रोसेकंद तिथेच राहते. हा स्टार्ट बिट. त्यात मजकूर काहीच नाही, फक्त ‘आता ऐक’ एवढी हाक. मग ६५चे आठ बिट, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत : एक, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. प्रत्येकाला तेवढेच १०४ मायक्रोसेकंद. शेवटी तार पुन्हा उणे बाजूला येऊन तेवढाच काळ थांबते. हा स्टॉप बिट, ‘८एन१’मधला शेवटचा एक. एकूण दहा बिट, एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ.

पलीकडे जो ऐकतो त्याची गोष्ट याहून मौजेची. ते काम यूआर्ट नावाच्या चिपचे. तिचे स्वत:चे घड्याळ ठरलेल्या वेगाच्या सोळापट चालते. तार उलटलेली दिसताच ती आठ ठोके मोजते, म्हणजे स्टार्ट बिटच्या ऐन मध्यावर पोचते, आणि तार अजून तशीच आहे का ते बघते. नसेल तर ती हाक नव्हती, नुसती खरखर होती; मग ती पुन्हा वाट पाहू लागते. असेल तर तिथून दर सोळा ठोक्यांनी एक नमुना घेते. प्रत्येक नमुना बिटच्या मध्यावर पडतो, कारण कडेला काही खात्रीचे नसते. दोन्हीकडची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. दहा बिट संपेपर्यंत अर्ध्या बिटाहून अधिक घसरगुंडी झाली नाही म्हणजे झाले. याचा अर्थ दोघांत मिळून साधारण पाच टक्क्यांपर्यंतची तफावत चालून जाते. पुढचे अक्षर आले की नवी हाक, नवी मोजणी, आणि आधीची चूक पुसून कोरी पाटी. भजनात दोन टाळकरी किंचित पुढेमागे झाले तरी पखवाजाची थाप पडली की जुळून येतात, तसे हे दर अक्षराला जुळून येते.

आता ११५२०० हा आकडा बघा. तो गोल नाही, आणि दोनाचा घातही नाही. मूळ आयबीएम पीसीच्या सीरियल पोर्टला १.८४३२ मेगाहर्ट्झचे घड्याळ होते. त्याला आधी सोळाने भागायचे, कारण नमुने सोळापट वेगाने घ्यायचे असतात. उत्तर येते बरोबर ११५२००. त्याला बाराने भागले की ९६००, आणि ३८४ने भागले की ३००. म्हणजे ‘ई’पुढचा हा आकडा कुणाच्या पसंतीचा नाही. तो एका स्फटिकाचा भागाकार आहे, आणि ते स्फटिक आपल्या समोरच्या लॅपटॉपमधून कधीच गेले असले तरी भागाकार तेवढा उरला आहे.

वेग चुकला तर काय होते हे ज्याने कधी कन्सोल जोडला आहे त्याला सांगायला नको. स्क्रीनवर चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, भलतीसलती चिन्हे यांचा खच पडतो. त्यातून एवढे मात्र कळते, की पलीकडे कुणीतरी आहे आणि केबल शाबूत आहे. जाणकार माणूस हा कचरा पाहून हळहळत नाही. वेग एक पायरी खाली आणतो आणि पुन्हा बघतो.

याहून सूक्ष्म चूक ‘८एन१’च्या जागी घडते. ‘ई’ ओळ उघडली की आत आणखी एक चौकट आहे, आणि तीत दोन तयार जोड्या ठेवल्या आहेत : ८-एन-१ आणि ७-ई-१. दुसरी जुन्या यंत्रांची. आस्की मुळात सात बिटांचे, आठवा बिट तपासणीला. ‘ई’ म्हणजे सम : अक्षरातल्या एकांची संख्या विषम असेल तर तपासणीचा बिट एक करून ती सम करायची. दोन्ही जोड्यांत स्टार्ट आणि स्टॉप धरून बिट दहाच होतात. म्हणून पलीकडचा ७-ई-१मध्ये बोलत असेल आणि आपण ८-एन-१मध्ये ऐकत असू, तर कालगणना अजिबात बिघडत नाही, बिघडतो तो फक्त अर्थ, आणि तोही निवडक अक्षरांचा. यंत्र ‘लॉगइन’ हा शब्द रोमन लिपीच्या लहान अक्षरांत पाठवते असे समजा. एल, ओ आणि आय यांत एकांची संख्या सम आहे, ती नीट उमटतात. जी आणि एन यांत ती विषम, त्यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. शब्द अर्धा वाचता येतो आणि अर्धा नाही. वेगाची चूक सगळेच उधळून लावते, करारातली चूक मात्र अक्षरे निवडून खाते. मोजक्या खुणांच्या एका ओळीत या दोन्ही प्रकारच्या गैरसमजांची जागा आहे.

आता वर चढू. ‘ए’ ओळीत पोर्टचे नाव. आज लॅपटॉपला जुना नऊ पिनांचा पोर्ट नसतो. यूएसबीची एक पुडी लावतात, आत एफटीडीआय किंवा सीएच३४० अशी चिप असते, आणि नाव होते /डेव्ह/टीटीवाययूएसबी०. या ओळीत फारसा रस नाही. फक्त मिनीकॉमला तो पोर्ट उघडू द्यायचा तर आपले नाव यंत्राच्या ‘डायलआउट’ गटात असावे लागते, आणि नवखा माणूस बहुधा इथेच पहिली ठेच खातो.

‘बी’ ओळ मात्र थांबण्याच्या सूत्राशी सरळ जोडलेली आहे. एका पोर्टवर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी बोलू लागले तर अक्षरे वाटली जातील, काही याला, काही त्याला. म्हणून जो पोर्ट घेतो त्याने /व्हार/लॉकमध्ये एक छोटी फाइल ठेवायची, तीत आपल्या प्रोसेसचा क्रमांक लिहायचा, आणि काम संपल्यावर ती काढून न्यायची. दुसऱ्याने ती फाइल दिसली की मागे फिरायचे. फाइल ठेवणारा प्रोग्रॅम मध्येच मेला आणि ती तशीच राहिली तर? मग येणाऱ्याने त्या क्रमांकाचा प्रोसेस जिवंत आहे का ते बघायचे, नसेल तर कुलूप शिळे समजून स्वत:चे लावायचे. कुठलाही पहारेकरी नाही, सगळा कारभार परस्परांच्या सभ्यपणावर. ही रीत यूयूसीपी या जुन्या पत्रव्यवस्थेतून आली, जिच्यात युनिक्सची यंत्रे रात्री-अपरात्री एकमेकांना फोन लावून टपालाची अदलाबदल करत. आपल्याकडेही एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभकाळात, १९८६-८७च्या सुमारास, मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ई-मेल जायला लागली ती अशाच डायल-अपच्या वाटेने. एका फोन लाइनवर टपालही जायचे आणि माणसेही बसायची. कुलुपाची ही फाइल नसती तर दोघांचेही हाल होते.

‘सी’ आणि ‘डी’ या ओळींपुढे काहीच नाही. पोर्ट बाहेरून येणाऱ्या फोनसाठी राखलेला असेल तर तो तात्पुरता मोकळा करून घेणारे, आणि काम झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखा करणारे प्रोग्रॅम इथे लिहायचे. आज जवळजवळ कुणीच लिहीत नाही. पण त्या रिकाम्या ओळी खोडल्या नाहीत, हा मला मजकुराचा गुणच वाटतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा एकाच दाराने जातात, त्यांनीही पाळी लावायची असते, एवढी आठवण त्या देऊन जातात.

‘एफ’ आणि ‘जी’ या शेवटच्या दोन ओळींत थांबणे उघडपणे नाव घेऊन येते. पाठवणारा वेगाने पाठवतो, घेणाऱ्याची साठवण भरते. ‘पुरे’ कसे सांगायचे? दोन उपाय. हार्डवेअरचा उपाय म्हणजे त्या कामासाठी वेगळ्या तारा, आरटीएस आणि सीटीएस. पलीकडच्याने आपली तार खाली केली की आपण थांबायचे, वर केली की पुन्हा सुरू. सॉफ्टवेअरचा उपाय म्हणजे मजकुराच्या तारेवरूनच दोन विशेष खुणा पाठवायच्या. आस्कीतला १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे चालू दे. याच खुणा कीबोर्डवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू होऊन बसल्या आहेत. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर चुकून कंट्रोल-एस दाबले गेले की स्क्रीन गोठते, माणूस यंत्र अडकले म्हणून घाबरतो, आणि कंट्रोल-क्यू दाबताच तुंबलेले सगळे भडाभडा वाहू लागते.

दुसऱ्या उपायाला वेगळी तार लागत नाही, हा त्याचा फायदा, आणि मजकूर आणि हुकूम एकाच वाटेने जातात, हा त्याचा धोका. एखादी फोटोची फाइल पाठवताना तिच्यात १९ हा आकडा मजकूर म्हणून आला, तर घेणारा तो हुकूम समजून बसतो. म्हणून ‘जी’पुढे ‘नो’ आहे, आणि ते योग्य आहे.

‘एफ’पुढच्या ‘येस’विषयी मात्र रसिकालाही तक्रार करावी लागते. मोडेमच्या काळात ते बरोबर होते, कारण मोडेमच्या केबलीत त्या तारा असायच्या. आज बोर्डाला जोडताना तीनच तारा लावतात. सीटीएस लोंबकळत राहते, मिनीकॉम तिच्या इशाऱ्याची वाट पाहत बसतो, आणि घडते ते असे : बोर्डाकडून अक्षरे ओळींमागून ओळी येतात, लिनक्स सुरू होताना दिसते, लॉगइनचा प्रश्नही येतो, पण आपण दाबलेली एकही कळ पलीकडे पोचत नाही. वेग बरोबर, केबल बरोबर, पोर्ट बरोबर, आणि माणूस कीबोर्ड बदलून पाहतो आहे. खरे तर मिनीकॉम आज्ञाधारकपणे थांबला आहे, जिथे कुणी नाही अशा तारेच्या परवानगीसाठी. ‘एफ’ एकदा दाबायचे, ‘येस’चे ‘नो’ होते, आणि अक्षरे चालू लागतात. सगळ्या मजकुरात आज सर्वांत जास्त बदलली जाणारी ओळ हीच असावी, आणि जी ओळ बहुतेकांना बदलावी लागते तिचे मूळ उत्तर चुकले असेच म्हटले पाहिजे.

सीरियल पोर्टच्या चौकटीशेजारी दुसरी एक आहे, ‘मोडेम अँड डायलिंग’. सात ओळींत नसली तरी तिच्याशिवाय हे वाचन अपुरे, कारण थांबणे तिथे लिहिलेल्या चिन्हाच्या रूपात येते. ते चिन्ह म्हणजे टिल्ड, आडवी नागमोडी रेघ. मिनीकॉमच्या ओळीत टिल्ड आली की काही पाठवायचे नाही, क्षणभर थांबायचे. कवितेत यती असते तशी ही लिहून दाखवलेली यती. फोन ठेवण्याची ओळ अशी आहे : दोन टिल्ड, तीन अधिक चिन्हे, दोन टिल्ड, मग एटीएच आणि एंटर.

या ओळीमागे एक खरा शोध आहे. १९८१मध्ये डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम आणला. त्याआधी नंबर फिरवणे, जोडणे, तोडणे बहुधा हाताने व्हायचे. स्मार्टमोडेमला हे सगळे त्याच सीरियल तारेवरून सांगता येई : एटीडीटी म्हणजे फोन लाव, एटीएच म्हणजे ठेव. पण एकदा पलीकडची जोडणी झाली की तारेवरून जाणारे प्रत्येक अक्षर मजकूर ठरते. मग ‘हे तुझ्यासाठी आहे, पलीकडे पाठवू नकोस’ हे मोडेमला कळवायचे कसे? कुठलेही विशेष अक्षर निवडले तरी ते कधीतरी मजकुरात येणारच. हेदरिंग्टनचे उत्तर असे, की खूण अक्षरांत नसावी, अक्षरांभोवतीच्या शांततेत असावी. आधी एक सेकंद काही पाठवू नका, मग तीन अधिक चिन्हे, मग पुन्हा एक सेकंद शांत. फाइल वाहत असताना अशी दोन बाजूंनी कोरी जागा सहसा पडत नाही. मिनीकॉमच्या ओळीतल्या टिल्डच्या दोन जोड्या म्हणजे त्या दोन शांतता.

हेज कंपनीने त्याचे पेटंट घेतले होते. पेटंटचे पैसे टाळायचे म्हणून काही मोडेमवाल्यांनी शांततेची अट काढून टाकली, नुसती तीन अधिक चिन्हे आणि पाठोपाठ हुकूम एवढ्यावर भागवले. परिणाम नव्वदच्या दशकात इंटरनेटवर दिसला. कुणी खोडसाळपणे तीच अक्षरे असलेला निरोप दुसऱ्याच्या यंत्राकडे धाडायचा, त्याचे यंत्र सवयीने तो निरोप परत पाठवायचे, आणि जाता जाता त्याचाच मोडेम फोन ठेवून द्यायचा. दोन सेकंदांच्या गप्प बसण्याची किंमत अशी वसूल झाली.

त्याच चौकटीतली सुरुवातीची ओळही वाचण्यासारखी. टिल्ड, एंटर, टिल्ड, मग ‘एटी एस७=४५ एस०=०’ आणि पुढे आणखी काही. एस७ म्हणजे पलीकडच्या मोडेमची शीळ ऐकू येण्याची वाट किती सेकंद पाहायची, तर ४५. एस० म्हणजे आलेला फोन किती घंट्यांनंतर उचलायचा. शून्य लिहिले की कधीच उचलायचा नाही. थांबण्याचे दोन टोकाचे हुकूम, शेजारी शेजारी. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, तेव्हा मुंबईत ज्यांनी ‘शेल अकाउंट’ घेतले त्यांचा इंटरनेटशी पहिला संबंध अशाच टर्मिनल प्रोग्रॅमातून आणि अशाच एटीच्या ओळींतून आला. चित्रे नाहीत, माउस नाही. पलीकडे एक युनिक्सचे यंत्र आणि इकडे त्याची अक्षरे. ९६०० वेगाने ऐंशी गुणिले चोवीसची स्क्रीन भरायला दोन सेकंद लागतात, कारण १९२० अक्षरे आणि सेकंदाला ९६०. डोळ्यांना ओळ वरून खाली उतरताना दिसे.

आज मोडेम नाही, पण मिनीकॉम सुरू होताना ती ओळ अजून पाठवतो. राउटर किंवा बोर्ड लॉगइनची वाट पाहत असेल तर ‘एटी एस७=४५’ हेच नाव म्हणून जाऊन बसते, आणि पलीकडचे यंत्र त्या नावाच्या गृहस्थांचा पासवर्ड मागू लागते. ‘वजा ओ’ लावून मिनीकॉम सुरू केला की हा प्रकार टळतो. मजकुराचे हे दुसरे न्यून. पण ते विनोदी आहे, आणि ‘एफ’इतके छळत नाही.

चौकटीबाहेरची आणखी एक गोष्ट थांबण्याच्या सूत्रात बसते. कंट्रोल-ए दाबून एफ दाबले की मिनीकॉम ‘ब्रेक’ पाठवतो. ब्रेक हे अक्षर नाही. तार हाकेच्या बाजूला नेऊन एका अख्ख्या अक्षराहून जास्त वेळ तिथेच धरून ठेवायची; स्टॉप बिट येतच नाही. यूआर्टला हे अक्षर वाटत नाही, म्हणूनच ते खास कामाला येते. सिस्कोच्या राउटरला सुरू होताना पहिल्या मिनिटात ब्रेक मिळाला की तो नेहमीची वाट सोडून आपल्या आतल्या रॉममॉन नावाच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये उतरतो. पासवर्ड विसरलेल्यांची सुटका तिथूनच होते. सन कंपनीच्या सर्व्हरांना ब्रेक मिळाला की चालते काम जागच्या जागी थांबे. आणि कन्सोलला लावलेला टर्मिनल कुणी बंद केला तर तार ज्या तऱ्हेने पडे तीही सर्व्हरला ब्रेकच वाटे. कुणी कळ दाबली नाही, तरी हुकूम पोचला.

राहिला बाहेरच्या यादीतला शेवट. तिथे ‘एक्झिट’ आणि ‘एक्झिट फ्रॉम मिनीकॉम’ अशा दोन ओळी एकाखाली एक आहेत. पहिली यादीतून बाहेर काढून जोडणीत सोडते, दुसरी प्रोग्रॅमच बंद करते. नवखा बरोबर दुसरी निवडतो. त्यांच्या वर ‘सेव्ह सेटअप अ‍ॅज डीएफएल’. यातून जी फाइल तयार होते ती उघडून पाहिली तर सगळी सेटिंगे तिथे सापडत नाहीत, फक्त आपण बदललेली असतात. पोर्ट, वेग, आणि बहुतेकांच्या फाइलीत ‘आरटीएससीटीएस’पुढे ‘नो’. जे जसे दिले तसे घेतले, त्याबद्दल ती फाइल अवाक्षर काढत नाही.

असे हे सगळे जुनाट दिसते. आजची जाळी जोडणी होताच वेग, भाषा, कुलूप आपसात ठरवून घेतात, माणसाला विचारत नाहीत. तरीही नव्या राउटरला अजून आयपी पत्ता नसतो तेव्हा, किंवा आपल्याच हातून जाळ्याचे सेटिंग असे बिघडते की त्याच जाळ्यावरून आत जाता येत नाही तेव्हा, कन्सोलची निळी केबल शोधून मिनीकॉमच उघडावा लागतो. ज्या जोडणीत काहीही आपसात ठरवायचे नसते, तीत ठरण्यात काही अडकतही नाही. सगळे करार आधी, माणसांनी, सात ओळींत केलेले असतात.

एक करार मात्र त्यांत नाही. सगळे बरोबर लावून, ‘एक्झिट’ करून आपण जोडणीत येतो आणि स्क्रीन कोरीच असते. पलीकडच्या यंत्राने लॉगइनचा प्रश्न विचारलेला असतो, पण आपण केबल लावण्याआधी, कदाचित तासन्‌तास आधी. ती अक्षरे तारेवरून गेली आणि ऐकायला कुणी नव्हते. तार काही साठवून ठेवत नाही, आणि कुणी आले आहे हे पलीकडच्याला तीन तारांवरून कळण्याचा मार्ग नाही. दोघेही नियमाने थांबले आहेत. आधी कोणी बोलायचे, हे सात ओळी सांगत नाहीत. ते आपले काम : एंटर दाबायचे.